माझं मत दोन पानांना

मी दोन पानांना मत दिलं होतं, असं इथे ओरगडममध्ये कुणाला सांगितलं की तो मला अण्णा द्रमुकचा समजतो. त्याचं तरी काय चुकतं? एमजीआर यांनी 1972 मध्ये पक्ष काढला, पुढच्याच वर्षी दिंडिगुलची पोटनिवडणूक या चिन्हावर जिंकली, आणि तेव्हापासून तमिळनाडूत दोन पानं म्हणजे एकच पक्ष. माझी दोन पानं त्याआधीची, गोव्यातली, 16 जानेवारी 1967 ची. गोव्याने महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं, याचा जनमत कौल त्या दिवशी झाला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळं राहायला दोन पानं.

मुलाची नोकरी इथल्या मोटारींच्या कारखान्यात, म्हणून म्हातारपणी मी इथे. शेजारचे गृहस्थ मूळचे तिरुत्तणीचे. त्यांच्या लहानपणी तो भाग आंध्रात होता. म. पो. शिवज्ञानम यांच्या मागे उभं राहून तिथल्या तमिळ लोकांनी चळवळ केली आणि 1960 मध्ये तिरुत्तणी मद्रास राज्यात आली. भाषेच्या राज्यात जाण्यासाठी भांडलेला हा माणूस. माझ्या टेबलावरची मराठी मासिकं पाहून त्यांनी एकदा विचारलंच, ‘सार, तुम्ही उलटं कसं केलंत?’

प्रश्न रास्त आहे. माझं शिक्षण मराठीत झालं आणि पुढे मी शिकवलंही मराठीतच. आमचं घर फोंड्याकडचं, भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीवर उभं. आम्ही मुंडकार. म्हणजे दारातल्या माडाला पाणी आम्ही घालायचं आणि नारळ उतरले की भाटकाराच्या घरी पोचवायचे. भाटकाराची मर्जी फिरली तर घर सोडायची पाळी. अशा घरात मगो, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाशिवाय दुसरं नाव निघणं शक्य नव्हतं. डिसेंबर 1963 मध्ये गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि मगोचे भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, तेव्हा वडिलांनी देवळात नारळ ठेवला. भाऊ स्वतः खाणमालक, पण मुंडकाराला, कुळाला, देवळाच्या पायरीखाली उभ्या राहणाऱ्याला ते आपले वाटले. गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, आणि त्यातल्याच एका शाळेत मी मास्तर झालो.

मगोचा जाहीरनामाच विलीनीकरणाचा होता. 1965 मध्ये गोवा विधानसभेने तसा ठरावही केला. युनायटेड गोवन्स पक्षाचे डॉ. जॅक सिक्वेरा मात्र म्हणत की आमदारांच्या ठरावावर एवढा मोठा निर्णय नको, लोकांना थेट विचारा. दिल्लीने अखेर ते मानलं. 1966 च्या डिसेंबरात संसदेने कायदा केला, आणि कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचं मंत्रिमंडळ त्याच महिन्यात पायउतार झालं. मुंबईत पोटासाठी गेलेल्या गोवेकरांना या कौलात मत नव्हतं, यावर खूप आरडाओरड झाली.

वडिलांचा हिशेब सरळ होता. ‘भाटकार पानांर मत घालतलो, मागीर आमी फुलार.’ आज एखादा प्राध्यापक याला वर्गीय जाणीव म्हणेल. मला ती तेव्हाही पटत होती. भाटकाराच्या रांगेत उभं राहून मत द्यायचं, हे माझ्या जिवावर आलं होतं. तिकडच्या बाजूला नाना तऱ्हेचे लोक होते. जमीन जाईल म्हणून धास्तावलेले होते, हिंदूबहुल महाराष्ट्रात आपलं कसं होणार ही चिंता असलेले ख्रिस्ती होते, कोकणीसाठी जीव टाकणारे होते, आणि महाराष्ट्राची दारूबंदी आली तर सुरेचं काय होणार म्हणून घाबरलेले, माडाची सूर काढणारे रेंदेरही होते. यातलं माझं कारण कुठलंच नव्हतं.

माझं कारण भाऊसाहेबच होते. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलानंतर आमच्यासारख्यांचं सरकार पहिल्यांदा पणजीत बसलं होतं. तीस आमदारांचं सभागृह. आमच्या आमदाराला मी बसस्टँडवर गाठून शाळेच्या गळक्या छपराबद्दल बोललो होतो. 1964 मध्ये याच सभागृहाने कूळ कायदा केला. आता विलीनीकरण झालं तर हे सभागृहच जाणार. मुंबईच्या दोनशे सत्तर जणांत आमचे मोजके आमदार, आणि गोवा म्हणजे रत्नागिरीच्या खाली जोडलेला आणखी एक जिल्हा. रत्नागिरीची तेव्हाची गत आम्हाला ऐकून ठाऊक नव्हती, डोळ्यांनी दिसत होती. माझी मावशी सावंतवाडीला दिलेली. तिच्या वाडीत तरणा पुरुष सापडायचा तो गणपतीत किंवा शिमग्यात, बाकी वर्षभर मुंबईच्या मनिऑर्डरची वाट. भाषा मराठी, राज्य मराठी, मुख्यमंत्री मराठी, तरी कोकणाच्या वाट्याला काय आलं होतं?

म्हणजे ज्या सरकारवर आमचा जीव होता, त्यालाच आम्ही आमच्या हातांनी मोडीत काढायला निघालो होतो. हे कुणी उघड बोलत नव्हतं, निदान आमच्या गावात तरी नाही. बोलत होता तो मडगावचा ‘राष्ट्रमत’. उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मी शाळेच्या कपाटाआड ठेवून वाचायचो, कारण सरकारी नोकर, आणि त्यात गाव सगळं फुलाचं. आता विचार केला की गंमत वाटते. महाराष्ट्रात जाऊ नका, हे मला पटवून दिलं ते एका मराठी दैनिकाने.

मत दिलं, घरी सांगितलं नाही. वडिलांनी विचारलंही नाही, त्यांनी गृहीत धरलं होतं.

दोन पानांना 1,72,191 मतं पडली आणि फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा. पेडणे, सत्तरी, आमचा फोंडा, हे फुलाचे तालुके, आणि सासष्टीने पानांना भरभरून दिलं. आमच्या गावात निकालाच्या रात्री कुणाच्या घरी धड जेवण झालं नसावं. पण त्यानंतर अडीच महिने पुरते उलटले नव्हते तोच मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि मगो 16 जागा घेऊन परत आला. विलीनीकरण हरलं आणि विलीनीकरणवाले जिंकले. बाहेरच्या पत्रकारांना हे कोडं वाटलं. मला वाटलं नाही, कारण दोन्ही वेळा मी मत दिलं ते भाऊंनाच. जानेवारीत त्यांची खुर्ची पणजीत राहावी म्हणून, मार्चमध्ये त्या खुर्चीवर ते बसावेत म्हणून.

पानं जिंकली तर मराठी बुडेल, हे फुलवाल्यांचं भय खोटं ठरलं. 1987 च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीचीही तरतूद राहिली. त्यासाठी दोन्हीकडून जी डोकी फुटली ती मात्र विसरण्यासारखी नाहीत. त्याच वर्षी 30 मे रोजी गोवा घटक राज्य झालं. कोकणीवाले या सगळ्याचं श्रेय 16 जानेवारीला देतात आणि तो दिवस अस्मिताय दीस म्हणून पाळतात. मी अस्मितेसाठी मत दिलं नव्हतं, पण साजरा करतात त्यात मला वावगं वाटत नाही.

शेजाऱ्यांना मी दुसरी बाजूही सांगितली. लहान सभागृहात आमदार हाताशी असतो, तसाच तो विकत घेणाऱ्याच्याही हाताशी असतो. 1979 मध्ये दोन-तीन माणसं फुटली आणि शशिकलाताई काकोडकरांचं सरकार गेलं. 1990 च्या दशकात तर मुख्यमंत्री इतक्या भराभर बदलले की शाळेत सामान्यज्ञानाचा प्रश्न विचारायची चोरी. महाराष्ट्रात असतो तर फुटाफूट टळली असती, असं आता महाराष्ट्राकडे पाहून कुणी म्हणणार नाही, ते सोडा.

पण 1975 चा मुंडकार कायदा पणजीतच झाला, शशिकलाताईंच्या कारकिर्दीत. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले होते आणि मुख्यमंत्रिपदी त्यांची मुलगी होती. पुढे आमची मुंडकार म्हणून नोंद झाली तेव्हा धीर करून मी वडिलांना सांगितलं की सदुसष्टमध्ये मी पानांना मत दिलं होतं, पणजीत विधानसभा राहिली म्हणून हा कायदा झाला. त्यांनी मामलेदाराचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ‘कायदो भाऊच्या धुवेन केला.’