पिकअपचा ‘मेंदू’ बदलण्यापूर्वीं

असोद्याच्या शिवारांतून केळीचे घड घेऊन निघालेली पिकअप वाटेंत बंद पडली, कीं मालाचें मोल घटूं लागतें. म्हणून निदान अचूक हवें. डिझेल केव्हां व किती फवारावें, हें सेन्सरांनीं दिलेल्या खबरीवरून इंजिनचा संगणक ठरवितो. मेकॅनिक त्यास ‘ईसीएम’ म्हणतात. परंतु बॅटरी अशक्त, फ्यूज उडालेला, अर्थिंग सैल किंवा तार उंदरानें कुरतडलेली असली, तरीहि दोष पुष्कळदां त्याच्याच माथीं येतो. ह्या गोष्टी आधीं तपासाव्या. संगणकच बिघडल्याचें ठरलें, तर बॅटरीची जोडणी सोडवून मगच तो काढावा. नवा नुसता बसवून भागत नाहीं. त्यांत त्याच गाडीचा प्रोग्रॅम, इंजेक्टरांचे संकेतांक आणि बहुधा किल्लीची ओळखहि भरावी लागते. नपेक्षां महागाचा नवा मेंदूहि मुकाच राहावयाचा!