पश्चात्ताप कुणी करायचा?

करडी (जि. भंडारा) : ख्रिस्ती धर्माविषयी बोलताना ‘सिद्धांत’ आणि ‘पश्चात्ताप’ हे दोन शब्द नेहमी कानांवर येतात. त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे.

सिद्धांत म्हणजे चर्चने ठरवून दिलेली शिकवण. देव एकच, पण पिता, पुत्र व पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत. येशू हा तारणारा. ही तिची मुख्य सूत्रे. पश्चात्तापाचा अर्थ आपण ‘मागाहून वाईट वाटणे’ असा घेतो. पण नव्या करारातील मूळ ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’. म्हणजे मन पालटणे. मन पालटले की वागणूक पालटलीच पाहिजे.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रात या दोन्ही गोष्टींची कसोटी लागलेली दिसते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण विवेक गहाण टाकला नाही. त्रैक्याचा सिद्धांत आणि चर्चची सत्ता यांवरून त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून कडक वाद घातला. एका पुरोहितशाहीचे जोखड फेकले ते दुसरे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. निराधार मुलींना फूस लावून नेणारी माणसे तिथे वावरत होती, हे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. अशा शेकडो मुलींना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे नेले, अक्षर शिकवले, हाताला काम दिले. १९०५ साली केडगावच्या ‘मुक्ती’मध्ये धर्मजागृतीची लाट आली. मुली आपली पापे उघडपणे सांगून ढसाढसा रडल्या.

इथे प्रश्न पडतो. ज्या पोरींचे घरदार भुकेने उद्ध्वस्त केले, त्यांनीच का रडायचे? त्यांना फसवणारे कुठे रडले?

याचे उत्तर ख्रिस्ती ग्रंथातच आहे. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाच्या श्रीमंत जकातदाराची गोष्ट येते. येशू त्याच्या घरी उतरला. तेव्हा जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कुणाला लुबाडले असेल तर चौपट परत करण्याचे कबूल केले. त्याच्या रडण्याचा तिथे उल्लेखही नाही. हिशेब मात्र चोख आहे. ज्याने घेतले, त्यानेच परत करायचे.

ही कसोटी कोणत्याही घराला लावता येते. पगाराच्या दिवशी दारू पिऊन आलेला नवरा सकाळी हात जोडतो आणि पुढच्या पगाराला पुन्हा तेच करतो. त्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. पगार घरधनिणीच्या हातात आला, पोराची फी भरली गेली, म्हणजे मन पालटले असे समजावे.

भगिनींनो, माफी मागणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहू नका. त्याच्या हातांकडे पाहा.