नवे आतडे टिकवणारी औषधे

लहान आतडे हे प्रत्यारोपणासाठी सर्वांत अवघड अवयवांपैकी एक. त्यात दात्याच्या प्रतिकारपेशी मोठ्या संख्येने असतात आणि पोकळीत असंख्य जिवाणू. म्हणून रुग्णाचे शरीर नवे आतडे नाकारतेच, शिवाय दात्याच्या पेशीही कधी रुग्णावर उलटतात. यकृत सोबत बसवल्यास आतड्याला काहीसे संरक्षण मिळते. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुटत नाहीत.

1984 मध्ये जपानमधील त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले. 1989 मध्ये पिट्सबर्ग येथे थॉमस स्टार्झल यांच्या चमूने ते रुग्णांना दिले आणि पुढे, तोवर बहुतेक फसणारे आतड्याचे प्रत्यारोपण शक्य कोटीत आले. सुरुवातीला टी-पेशींना आवर घालणारी प्रतिपिंडे देतात, पुढे टॅक्रोलिमस, स्टेरॉइड आणि गरजेप्रमाणे मायकोफेनोलेट.

टॅक्रोलिमसचा डोस रक्तातली पातळी पाहून ठरतो. सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावे लागते. गोळी आधी घेतली तर तपासणी वाया जाते. पहिल्या काही महिन्यांत ही पातळी मिलिलिटरमागे साधारण 10 ते 15 नॅनोग्रॅम ठेवतात. कमी पडली तर रिजेक्शन (शरीराने आतडे नाकारणे), वाढली तर हात थरथरणे, मूत्रपिंडाला इजा आणि जंतुसंसर्ग.

खरी कसोटी जुलाबांची. रिजेक्शनमध्येही जुलाब, संसर्गातही जुलाब, आणि जुलाबांमुळे औषधाची पातळी अनेकदा वाढते. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आहे, तशी भरवशाची रक्ततपासणी आतड्यासाठी नाही. म्हणून पोटावर काढलेल्या स्टोमातून दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासतात. अशा वेळी घरच्या घरी जुलाब थांबवणारी गोळी घेणे किंवा टॅक्रोलिमसचा डोस कमी करणे घातक ठरते.

उदाहरणार्थ, महाराष्ट्रातला अहिल्यानगर जिल्हा अवयववाटपासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राशी जोडलेला आहे. पण घरी परतल्यावर रुग्णाची गाठ गावातल्या डॉक्टरांशी पडते, आणि त्यांनी लिहिलेली औषधांची चिठ्ठी फार महत्त्वाची. क्षयासाठीचे रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची पातळी झपाट्याने खाली आणते. फ्लुकोनॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन ती वर नेतात. दुधाच्या या जिल्ह्यात धारोष्ण दूध पिण्याची सवयही सोडावी लागते, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू पोटात जातात. दूध उकळूनच घ्यावे, पाणीही. जिवंत जंतूंच्या लसी सहसा देत नाहीत. एपस्टाइन-बार विषाणूमुळे लसिकापेशींचा कर्करोग होण्याचा धोका राहतो. तो कर्करोग दिसला तर डॉक्टर आधी प्रतिकारशक्ती दाबणारी हीच औषधे कमी करतात.