हिरवळीचा जमाखर्च

निवृत्तीनंतर सापगावात भातसा नदीच्या जवळ लहानसे घर बांधले, तेव्हा नातीने एकच मागणी केली होती, ‘आजोबा, अंगणात हिरवळ हवी.’ गेल्या वर्षी मे महिन्यात ती राहायला येणार म्हणून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गुंठाभर जागा खणली, चाळलेले शेणखत मिसळले आणि हरळीचे बी टाकले. मुहूर्त किती चुकीचा होता, हे शेजारी कुणालाही विचारले असते तरी कळले असते. मी विचारले नाही.

पहिल्याच दिवशी नळी सोडली आणि ते बारीक बी वाहत जाऊन एका कोपऱ्यात गोळा झाले. मग शहाणपण आले. पुन्हा बी फेकले, वर भाताचा पेंढा विरळ पसरला आणि झारीने दिवसातून तीनदा पाणी शिंपडू लागलो. रुजत्या बियाला खोलवर पाणी नको असते. वरची बोटभर माती सतत ओली हवी. कोरडे बी महिनोन्‌महिने वाट पाहू शकते; पण ओल लागून एकदा मोड फुटला आणि नंतर माती वाळली, तर ते मरते. बँकेत आम्ही शिकलो होतो, अपुरे कर्ज हे न दिलेल्या कर्जापेक्षा वाईट. हा व्यवहारही तसाच. मध्येच हात आखडता येत नाही.

जुन्या सवयीने हिशेब मांडला. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाणी म्हणजे एक लिटर. गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. रोज पाच मिलीमीटर धरले तरी ५०० लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला, तर तेहतीस हंडे!

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचे माहेर कसाऱ्याकडच्या एका पाड्यावर. तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. झारीकडे बघत त्यांनी एकदा सहज विचारले, ‘साहेब, याला दाणा काय येतो?’

‘काही नाही. नुसते बसायला.’

त्या हसल्या आणि कामाला लागल्या. माझ्या हातातली झारी मात्र एकदम जड झाली.

आमच्या शहापूर तालुक्यात पाऊस धो धो पडतो. पण खाली काळा कातळ, पाणी धरून ठेवणार कोण? १८९२ साली बांधलेला तानसा तलाव इथलाच, भातसा धरणही इथलेच. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातशाचा. दादरला असताना तेच पाणी आम्ही कुंड्यांना घालत होतो, तेव्हा हंडे मोजायचे कधी सुचले नव्हते.

नवव्या दिवशी ओसरीलगतच्या पट्ट्यात पोपटी सुया दिसल्या. त्यांना मारवेना आणि सगळा गुंठा भिजवणेही पटेना. शेवटी तेवढा पट्टा आंघोळीच्या आणि तांदूळ-भाजी धुतलेल्या पाण्यावर जगवला. बाकीच्या जागेचे पाणी बंद केले. तिथले बी गेले. ते नुकसान माझ्या नावे.

नात आली. ‘एवढीशीच?’ म्हणाली. मी तिला वहीतले तेहतीस हंडे दाखवले. दुसऱ्या दिवसापासून भाजी धुतलेले पातेले ती स्वतः बाहेर नेऊ लागली.

इथला शेतकरी भाताचा रोप टाकतो तो पावसाच्या भरवशावर, झारीच्या नव्हे. मीही मृगाच्या पहिल्या सरी जाऊ दिल्या आणि उरलेले बी उघडीप बघून पेरले. श्रावणात अंगण भरून गेले. बाई म्हणाल्या, ‘आता हे कापायचं कोणी?’

यंदाच्या उन्हाळ्यात हिरवळ पिवळी पडली. मी पाणी घातले नाही. हरळीची मुळे जमिनीत दम धरून राहतात. पाऊस आला की तीच हिरवी होतात. फोनवर नातीने विचारले, ‘आजोबा, मेली का ती?’ म्हटले, ‘नाही गं, वाट बघतेय.’