नळाची मान अडली तर जोर लावू नका

नागपुरात होळी झाली की कूलरच्या ताट्या बदलायला निघतात आणि त्याच सुमारास माझ्या हार्डवेअरच्या दुकानात स्वयंपाकघरातल्या नळांची गाऱ्हाणी सुरू होतात. कुणी नुसतं वायसर मागतं, कुणी मोबाइलवर फोटो दाखवतं, कुणी अख्खा नळच पिशवीत घालून आणतं. "काका, नळ फिरूनच नाही राहिला!" सिंकवरच्या नळाची ती लांब वाकडी मान घडीत भांड्यांवर, घडीत ओट्यावरच्या माठाकडे वळवायची असते. ती जाम झालेली असते. आधी करकरते, मग दोन हातांनी ओढावी लागते आणि एखाद्या सकाळी जागची हलतच नाही.

बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो, तो म्हणजे जोर. त्यासाठीच हे लिहायला बसलो आहे. अडलेल्या मानेवर लावलेला जोर मानेपाशी थांबत नाही, तो नळाच्या आट्यांतून भिंतीतल्या एल्बोवर जातो. हल्लीच्या घरांत भिंतीतून सीपीव्हीसीचे पाइप असतात आणि नळ बसतो तो त्यांच्या टोकाच्या, आत पितळी आटे असलेल्या प्लास्टिकच्या एल्बोत. नळ तिथे पिळला गेला की एल्बोला बारीक तडा जातो. पाणी लगेच बाहेर येत नाही. ते टाइल्सच्या मागून झिरपतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल दिसते. एक तरुण गिऱ्हाईक असंच आलं होतं, भाड्याच्या घरातलं. पाइप पान्यानं मान फिरवायला गेला आणि नळ बुडापासून वळला. त्याला टाइल्स फोडाव्या लागल्या, आणि घरमालकाशी बोलाचाली झाली ती वेगळीच. मूळचं काम दहा-वीस रुपयांच्या रबरी रिंगचं होतं.

आत काय असतं ते एकदा बघून घ्या, म्हणजे भीती जाईल. काउंटरवर कागद अंथरून मी गिऱ्हाइकासमोरच नळ उघडतो. मानेच्या बुडाशी एक गोल नट असतो. तो सोडवला की मान वर निघते आणि तिच्या टोकाला दोन गोष्टी दिसतात. एक पांढरी नायलॉनची, एका जागी कापलेली रिंग. तिच्यामुळे मान नटात अडकून राहते, पाण्याच्या दाबानं उडत नाही. दुसरी काळी रबरी ओ-रिंग, खाचेत बसलेली, कधी एक तर कधी दोन. पाणी अडवण्याचं काम तिचं. नवी असताना ती गोल आणि लवचिक असते. जुनी काढली तर एका बाजूनं चपटी झालेली, कडक, नखानं दाबली तर चिरणारी निघते. आणि खाचेत, आट्यांत, सगळीकडे पांढरट खरपुडी. बोटानं चोळली तर रेतीसारखी लागते.

ही खरपुडी म्हणजे पाण्यातला चुना. पावसाचं पाणी मातीतून खाली उतरताना कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आम्लधर्मी होतं आणि खडकांतलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट, पूर्वेला जुने स्फटिकी खडक. त्यांच्या भेगांत मुरलेलं पाणी बोरमधून वर येतं ते क्षार घेऊनच. ते हवेत सुकलं की वायू निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या काठाला पांढरा पट्टा बसतो, अशा घरात नळही लवकर अडणार, हे मी न बघता सांगतो.

महापालिकेचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान नद्यांचं. पेंचचं पाणी नवेगाव खैरीच्या धरणावरून येतं. गोरेवाडा तलाव तर 1912 पासून या शहराची तहान भागवतो आहे. नदीच्या पाण्यात क्षार बोरपेक्षा कमी असतात. पण अनेक अपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात नळाचं पाणी पुरत नाही, म्हणून बोरचं पाणी त्याच टाकीत सोडतात. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या घरात गेला की नळाच्या सांध्यावर आलेला थेंब खाली पडायच्या आत सुकतो आणि त्यातला चुना तिथेच राहतो. कूलरची ताटी बघा. मार्चमध्ये घातलेलं मऊ गवत जूनपर्यंत पांढरं, कडक झालेलं असतं. नळाच्या सांध्यात तेच होतं, फक्त दिसत नाही.

कूलरचा आणखी एक संबंध आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. कूलर भरायला स्वयंपाकघरातल्या नळाच्या तोंडाला रबरी पाइप लावायचा आणि तो खोलीतून खिडकीपर्यंत ओढत न्यायचा, ही आपल्याकडची सर्रास पद्धत. पाण्यानं भरलेला पाइप जड होतो, त्याचं सगळं ओझं मानेच्या टोकावर येतं आणि मान लांब असल्यामुळे बुडाशी त्याचा ताण कितीतरी वाढतो. ओ-रिंग एका बाजूनं चेपते, दुसऱ्या बाजूच्या फटीत क्षार शिरतात. कूलरसाठी बाल्कनीत किंवा मोरीत वेगळी तोटी काढून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगतो.

आता दुरुस्ती. आधी पाणी बंद करा. भिंतीतल्या नळाला बहुधा जवळ कॉक नसतो, तो गच्चीवर टाकीपाशी असतो. नंतर नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ द्या आणि सिंकच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर रिंग गेलीच म्हणून समजा. साधं व्हिनेगर घ्या. त्यात कापडाची पट्टी भिजवून मानेच्या बुडाशी गुंडाळा, वरून प्लास्टिकची पिशवी बांधा आणि तासभर राहू द्या. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस किंवा पाण्यात कालवलेलं लिंबूसत्त्वही चालतं. बुडबुडे दिसले तर समजा चुना विरघळतो आहे. संडास धुण्याचं ॲसिड मात्र चुकूनही वापरू नका, वरचा चकचकीत मुलामा उतरतो आणि खालचं पितळ उघडं पडतं.

तासानं कापड काढून धुवा. नटावर जाड फडकं गुंडाळून स्क्रू पाना लावा. मानेच्या बाजूनं नटाकडे बघत घड्याळाच्या उलट दिशेनं फिरवायचा. दुसऱ्या हातानं किंवा दुसऱ्या पान्यानं नळाचं अंग घट्ट धरून ठेवा. ही गोष्ट सोडून बाकी काही विसरलात तरी चालेल. अंग धरलं की जोर भिंतीकडे जात नाही. नट हलला नाही तर पुन्हा व्हिनेगरची पट्टी बांधा आणि थांबा. काही नळांना नट नसतो, मागच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो ॲलन कीनं सैल केला की मान वर ओढता येते.

मान निघाली की जुनी ओ-रिंग फेकून द्या, पण आधी ती दुकानात घेऊन या. मापं इतकी आहेत की फोटोवरून रिंग देणं मला जमत नाही. खाच जुन्या टूथब्रशनं आणि काडीनं साफ करा. चाकू, पेचकस नको. पितळावर ओरखडा पडला की नवी रिंग तिथेच कापली जाते. नायलॉनची रिंग तुटली नसेल तर व्हिनेगरमध्ये बुडवून धुतली तरी पुरते.

शेवटी वंगण. घरोघरी इथे खोबरेल लावतात. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं आणि नागपूरची डिसेंबर-जानेवारीतली रात्र 10 अंशांच्याही खाली जाते. शिवाय तेलानं आणि व्हॅसलीननं काही प्रकारचं रबर फुगतं, मग मान पहिल्यापेक्षा जड होते. सिलिकॉन ग्रीसची छोटी डबी मिळते, बोटावर मावेल इतकं लावा. पिण्याच्या पाण्याला चालणारं मागून घ्या. नट हातानं आवळून पान्यानं थोडासाच ताणा. काही जण ओ-रिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळून देतात. तिचा तिथे काही उपयोग नाही, उलट रिंगला हलायला जागा राहत नाही.

ही हलायची जागा हेच त्या रिंगचं मर्म आहे. डेन्मार्कहून अमेरिकेत गेलेल्या नील्स क्रिस्टनसन यांना 1939 मध्ये तिचं पेटंट मिळालं, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. खाच रिंगच्या जाडीपेक्षा थोडी रुंद ठेवायची, म्हणजे आतला दाब रिंगला एका कडेला ढकलतो आणि दाब वाढेल तशी ती अधिकच घट्ट बसते, ही त्यांची कल्पना. दुसऱ्या महायुद्धात ती विमानांत गेली, आज आपल्या सिंकवर आहे. इतक्या विचारानं घडलेली वस्तू दहा-वीस रुपयांत मिळते, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

एक ओळख सांगून ठेवतो. नळ चालू असताना मानेच्या बुडातून पाणी येत असेल तर ओ-रिंग गेली. नळ बंद असताना तोंडातून टपकत असेल तर दोष आतल्या स्पिंडलचा, मानेला हात लावू नका. खाच झिजून गेली असेल तर नुसती मानही वेगळी विकत मिळते.

कूलर बाहेर काढायच्या आधी एका सकाळी तुमच्या नळाची मान एका बोटानं फिरवून बघा. बोटानं फिरली नाही तर त्याच आठवड्यात उघडून घ्या. आणि गच्चीवरच्या कॉकांपैकी तुमच्या स्वयंपाकघराचा कोणता, हे शोधून त्यावर रंगानं खूण करा, घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा.