शपथ हवी, दवाखानाही हवा



आळेफाट्याहून पश्चिमेला जुन्नर-आंबेगावच्या डोंगराकडे गेले की ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी बांधवांच्या वाड्या लागतात. बातम्यांत एमडी पावडरचे नाव येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, कुरकुंभच्या कारखान्यातून पोलिसांनी शेकडो किलो एमडी पकडले. तो धोका खराच. पण मी ज्या वाड्यांवर जातो, तिथली घरे मोडते ती दारू. मजुरी आणि हिरड्याची कमाई गुत्त्यावर जाते, मग घरात मारहाण, उपासमार आणि मुलांची शाळा बंद.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पण दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतात. बाकीच्यांना आपण काय देतो? बहुधा एक शपथ.

शपथ चांगलीच. पण वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने ती घेऊन एकाएकी दारू सोडली, तर जिवावर बेतू शकते. अशा माणसाच्या मेंदूला दारूची सवय झालेली असते. ती अचानक थांबली की काही तासांतच हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना ताप व भ्रम होतो. नसलेली माणसे दिसतात, आवाज ऐकू येतात. वाडीवर याला 'बाहेरचं' समजून भगताला बोलावतात. आपल्यातलेही काही जण नुसती प्रार्थना करून थांबतात. हा आजार आहे, आणि त्यावर औषध आहे.

म्हणून रोज पिणाऱ्याने दारू सोडण्याआधी डॉक्टरांना भेटावे. त्याला खोलीत कोंडू नये. फिट आली किंवा तो असंबद्ध बोलू लागला तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. पुढील उपचारांसाठी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेले मुक्तांगण आहे. सल्ल्यासाठी १४४४६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

गावानेही हात लावावा. आपल्या भागातील अनेक आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला दारूविक्रीला आळा घालण्याचा अधिकार दिला आहे. गुत्त्याचा त्रास सर्वांत जास्त सोसणाऱ्या भगिनींना हे आवर्जून सांगा.

चांगल्या शोमरोन्याने जखमा बांधल्या, त्या माणसाला उतारशाळेत नेले आणि खर्चही सोसला. आपल्या मंडळीत कोणी दारू सोडू इच्छित असेल, तर त्याच्यासाठी प्रार्थना करा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याबरोबर दवाखान्यात जा. एसटीचे भाडे आणि सोबतीला एक माणूस, एवढ्यानेही एखादे घर वाचते.