अंड्यांपुरती माती

कोमोडो ड्रॅगन ही जगातली सर्वांत मोठी घोरपड. इंडोनेशियातील कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आणि आसपासच्या मोजक्या बेटांखेरीज ती रानात कुठेच आढळत नाही. तिचे शास्त्रीय वर्णन पीटर औवेन्स यांनी १९१२ साली केले. इंडोनेशियाबाहेर तिची पिल्ले जन्मायला मात्र १९९२ साल उजाडावे लागले. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातील मादीची ती अंडी होती.

प्राणिसंग्रहालयात प्रजनन घडवताना पहिली अडचण जोडी जमवण्याचीच. लहान वयात नर कोणता नि मादी कोणती, हे वरून कळत नाही. रक्ताची जनुकीय तपासणी किंवा सोनोग्राफी करावी लागते. शिवाय हा प्राणी एकांडा. मोठा नर मादीला जबर जखमी करू शकतो, म्हणून दोघांना वेगळे ठेवून पहारा देतच एकत्र सोडतात.

खरी कसोटी लागते ती मादी अंड्यावर आल्यावर. रानात ती उतारावर बीळ खणते किंवा रानकोंबडीसारख्या मेगापोड पक्ष्याने रचलेल्या माती-पाचोळ्याच्या ढिगात अंडी घालते. ऑस्ट्रेलियातील पिवळ्या ठिपक्यांची घोरपड तर तीन मीटरांहून खोल उतरते. खोली, ओल आणि ऊब यांचा मेळ जमेपर्यंत मादी जागा उकरून पाहते नि सोडून देते. पिंजऱ्यात वीतभर कोरडी वाळू असली, तर ती उकरत राहते आणि अंडी पोटातच अडतात. पोटात संसर्ग होऊन मादी दगावते. खोल, दमट, उबदार मातीचा वाफा ही म्हणूनच प्रजननाची पहिली गरज. पण पिंजऱ्याच्या आराखड्यात तिचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो.

अंडी मिळाली तरी काम संपत नाही. खुडूक कोंबडी अंडी उलटवत राहते. घोरपडीच्या अंड्यांना ते चालत नाही. आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटलेला असतो, म्हणून अंडे उचलण्याआधी त्यावर पेन्सिलीने खूण करतात आणि तीच बाजू वर ठेवून ते उबवणी यंत्रात मांडतात. कवच चामड्यासारखे मऊ असते. ओल कमी पडली तर ते पिचकते, जास्त झाली तर बुरशी धरते. सुमारे २८-२९ अंश सेल्सिअस तापमान सात-आठ महिने टिकवावे लागते. एवढ्या काळात एकदा वीज जाऊन यंत्र थंडावले, तरी सगळी अंडी वाया जाऊ शकतात.

 

२००६ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयातील फ्लोरा या मादीचा नराशी कधीच संबंध आला नव्हता, तरीही तिने गर्भ धरलेली अंडी घातली. लंडनच्या सुंगाई या मादीनेही नराविना अशीच अंडी घातली. नराविना होणाऱ्या या प्रजननातून, म्हणजे अनिषेकजननातून, फक्त नर जन्मतात, कारण मादीची लिंगगुणसूत्रे झेड व डब्ल्यू असतात आणि दुप्पट झाल्यावर झेड-झेडचीच अंडी तगतात. अशा संततीत आनुवंशिक विविधता उरत नाही, म्हणून वंशावळ ठेवताना जनुकीय तपासणीने पितृत्वाची खात्री करून घ्यावी लागते. आणि एकटी मादीसुद्धा अंड्यावर येऊ शकते, म्हणून तिलाही मातीचा वाफा द्यावाच लागतो.

२०२१ पासून कोमोडो ड्रॅगन जागतिक लाल यादीत 'संकटग्रस्त' आहे. आपल्याकडची घोरपडही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते. ती घरी पाळणे वा तिचे प्रजनन करणे हा गुन्हा आहे. पावसाळ्यात ती बिळात, कधी वारुळातही अंडी घालते. बांधावरचे वारूळ फोडण्याआधी एवढे ध्यानात असू द्यावे.